मराठवाड्यातलं अंडरग्राउंड मेटल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवड्याला दोन-तीन तरी निरोप येतात. कुणी परभणीहून विचारतं, कुणी उदगीरहून, कुणी अंबडला शाळेत असलेल्या भाच्यासाठी. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते एका जागी आणले आहेत. मी जालन्याचा. सध्या संभाजीनगरला राहतो, वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वीस वर्षं हे संगीत ऐकतोय, त्यातली दहा-बारा बास गिटार वाजवतोय. उत्तरं माझ्या अनुभवाची आहेत, माहिती मात्र तपासून दिली आहे.

१. हेवी मेटल म्हणजे नेमकं काय? आम्हाला तर नुसता आरडाओरडा ऐकू येतो.

आपला कान सवयीने आधी शब्द शोधतो, ते सापडत नाहीत, म्हणून आरडाओरडा वाटतो. पहिल्यांदा ऐकताना शब्द सोडून द्या आणि रिफ धरा. रिफ म्हणजे गिटारवरची छोटी ओळ, अभंगात ध्रुपद फिरून येतं तशी परत परत येणारी. मेटलचं गाणं त्या ओळीभोवती उभं राहतं. गायक त्यातला एक वाजवणाराच समजा.

याची सुरुवात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाली. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्या बोटांना टोपणं केली, शिंपी बोटात अंगुस्तान घालतो तशी. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून हलक्या लावल्या आणि पुढे त्याही ढिल्या करून खालच्या पट्टीत आणल्या. मेटलचा तो जड, खोल आवाज बराचसा तिथून आला. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्याच्या पहिल्याच गाण्यात जे भयाण वाटतं, ते षड्ज आणि तीव्र मध्यम या जोडीमुळे. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्यांनी पेटीवर वाजवून बघा, लगेच ओळखू येईल.

जालन्यात सळईच्या कारखान्यांजवळ वाढलेल्या माणसाला ही गोष्ट लांबची वाटत नाही. आमच्या गल्लीत बोट गेलेली तीन माणसं होती.

त्या बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्येच शेवटचं गायला आणि २२ जुलैला गेला. बातमी आली त्या रात्री आम्ही चौघं चहाच्या टपरीवर बसलो होतो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

२. मग ‘अंडरग्राउंड’ कशाला म्हणायचं? लपूनछपून असतं का?

लपवण्यासारखं त्यात काही नाही. मोठी कंपनी, रेडिओ, टीव्ही यांच्याविना जे चालतं ते अंडरग्राउंड. १९८० च्या दशकात बँड घरच्या घरी कॅसेटवर डेमो, म्हणजे नमुन्याची गाणी, काढायचे आणि ऐकणारे ती कॅसेट कॉपी करून पोस्टाने एकमेकांना पाठवायचे. हाताने टाइप करून झेरॉक्स मारलेली छोटी मासिकं त्याच पाकिटातून जायची. ब्राझीलचं सेपल्चुरा असं पोस्टाच्या पाकिटांतूनच आधी जगभर पोचलं. आता पाकिटाची जागा बँडकॅम्पने, म्हणजे बँड आपली गाणी थेट विकतात त्या वेबसाइटने, घेतली आहे, पण रीत तीच आहे: वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात फार तर एखादा माणूस असतो. बँडला पत्र टाकलं तर ड्रमर स्वतः उत्तर देतो.

३. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम… डोकं चक्रावतं. सुरुवात कुठून करू?

सुरुवात जुडास प्रीस्ट आणि आयर्न मेडनपासून करा. चाल स्पष्ट असते, गायक गातो, गिटारी एकमेकींशी बोलतात. वेग आवडला तर थ्रॅशकडे या. तो १९८० च्या दशकात मुख्यतः कॅलिफोर्नियात घडला. मेटालिका आणि स्लेयर यांचे पहिले अल्बम १९८३ चे आहेत. त्याहून काळोखं आणि गुंतागुंतीचं हवं असेल तर डेथ मेटल. त्याचं मोठं केंद्र फ्लोरिडा. सावकाश, ओझ्यासारखं हवं असेल तर डूम. ब्लॅक मेटल शेवटी ऐका, कारण मुद्दाम खरखरीत ठेवलेल्या रेकॉर्डिंगमागचं सौंदर्य कळायला कान तयार लागतो. ग्राइंडकोर, म्हणजे अतिवेगवान आणि अगदी छोट्या गाण्यांचा प्रकार, मात्र कधीही ऐका, फार वेळ जात नाही. नेपाम डेथच्या १९८७ च्या अल्बममधलं एक गाणं दीड सेकंदाच्या आत संपतं.

भारतातलं ऐकायचं तर बेंगळुरूचं क्रिप्टॉस, मुंबईचे डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत आणि गटस्लिट. दिल्लीच्या ब्लडीवूडपासून सुरुवात केलेली पोरंही आता बरीच भेटतात.

४. मराठवाड्यात मेटल ऐकणारे आहेत तरी का? मला आमच्या गावात एकही दिसत नाही.

आहेत, पण विखुरलेले. इंजिनिअरिंग कॉलेज जिथे आहेत तिथे जास्त, म्हणजे संभाजीनगर आणि नांदेडला. लातूरला क्लासेससाठी आलेली पोरं असतात, ती दोन वर्षांत निघून जातात. धाराशिव, हिंगोलीला एकेकटे.

मी माझा पहिला मेटलवाला जालन्याच्या बसस्टँडवर शोधला. काळ्या टी-शर्टवर त्याने मार्करने स्वतः बँडचं नाव काढलेलं होतं आणि त्यात एक अक्षर चुकलं होतं. मी जाऊन त्याला अक्षर दुरुस्त करून सांगितलं. तो आज आमचा ड्रमर आहे.

उपाय तोच: काहीतरी अंगावर दिसू द्या. बॅगेवर एक पॅच, म्हणजे बँडच्या नावाचा किंवा चित्राचा कापडी तुकडा, पुरतो. आपल्याकडे माणूस कमी असल्यामुळे कुणी थ्रॅशवाला आणि कुणी डेथवाला असा भेद परवडत नाही. पाच जण असतील तर पाचांनी एकाच खोलीत बसून एकमेकांचं ऐकायचं. मोठ्या शहरात ज्या दोन टोळ्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत, त्या आमच्याकडे एका मोटारसायकलवर बसून येतात. मला हे आपल्या भागाचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं.

५. इथे गिग का होत नाहीत? दर वेळी मुंबई-पुण्यालाच जावं लागतं का?

बहुतेक वेळा हो. गिग म्हणजे बँडचा लाइव्ह कार्यक्रम. त्याला लागणारं ड्रमकिट, अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा) आणि मेटलची साऊंड बॅलन्स करणारा माणूस, तिन्ही एका जागी मिळणं इथे अवघड आहे. लग्न-वरातीची साऊंड सिस्टिम भरपूर आहे, पण ती बासवर भर देऊन लावलेली असते. डबल पेडलचा, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, एकेक ठोका त्यात वेगळा ऐकूच येत नाही.

मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायला लागला. रंगभवनच्या उघड्या नाट्यगृहात तो व्हायचा, त्या जागेच्या आठवणी आमच्याआधीची पिढी अजून सांगते. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन बेंगळुरूला आले, ३० ऑक्टोबर २०११ ला मेटालिका. मेटालिकाला आम्ही सहा जण मराठवाड्यातून गेलो. रिझर्वेशन नव्हतं, दारापाशी बसून गेलो, आणि डब्यात काळे टी-शर्ट बघून आणखी दोघं येऊन बसले.

संभाजीनगरहून पुणे साधारण २३५ किलोमीटर. गिग दहाच्या आत संपतो, रात्रीची एसटी किंवा ट्रॅव्हल्स पकडून सकाळी घरी येता येतं. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस आहे, पण शेवटचा बँड बघायचा तर ती चुकते, हे धरून चाला. पबमधल्या गिगला वयाची अट असते, महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी २१ किंवा २५. तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. सतरा वर्षांच्या पोराला दारातून परत पाठवलेलं मी पाहिलंय, लातूरहून आलेला होता.

इथेच कार्यक्रम करायचा असेल तर प्रश्न १६ बघा.

६. दादा, घरचे लई चिडायलेत. सैतानाचं संगीत आहे म्हणतात. काय सांगू?

खरं ते सांग. काही बँड सैतानाची प्रतिमा वापरतात, हे नाकारू नकोस. ते युरोप-अमेरिकेतल्या चर्चच्या दडपणाविरुद्ध उभं राहिलेलं नाटक आहे आणि त्याचा तुमच्या देवघराशी संबंध नाही. बाकी बहुतेक गाणी युद्ध, मृत्यू, अन्याय, वेड, एकटेपणा यांवर आहेत. पोत खेळवणारे आराधी आणि रात्रभराचा गोंधळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना काळोख, आग आणि नाद एकत्र आले की माणसाच्या अंगात काय येतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दोन बोटांची ती शिंगंही घे. ती खूण रॉनी जेम्स डिओने लोकप्रिय केली आणि तो ती आपल्या इटालियन आजीकडून शिकला होता. आजी ती दृष्ट लागू नये म्हणून करायची. माझ्या आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग मीठ-मोहऱ्याच झाल्या की.” त्या दिवसापासून घरातला वाद निम्मा झाला. उरलेला निम्मा आवाजाचा होता. तिथे आईचं बरोबर होतं, मी हेडफोन घेतला.

आणि एक कर. घरच्यांना एक शांत गाणं ऐकव, पूर्ण, शेजारी बसून. मेटलमध्ये अकूस्टिक गिटारवरची सुंदर गाणी भरपूर आहेत.

७. काळाच टी-शर्ट का? आणि मे महिन्यात ४३ डिग्रीला?

लेदर आणि खिळ्यांचा वेश १९७० च्या दशकाच्या शेवटी जुडास प्रीस्टच्या रॉब हॅलफर्डने मंचावर आणला. काळा टी-शर्ट स्वस्त, टिकाऊ, आणि त्यावर बँडचं चित्र उठून दिसतं, म्हणून तो सगळ्यांचा झाला.

उन्हाचा बाऊ करू नका. आफ्रिकेत बोट्सवानाचे मेटलहेड कालाहारीच्या उन्हात डोक्यापासून पायापर्यंत लेदर घालून फिरतात. तिथलं ओव्हरथ्रस्ट नावाचं डेथ मेटल बँड घान्झी या वाळवंटी गावातलं आहे. आपण मात्र सुती, सैल टी-शर्ट घ्यावा. दुपारच्या गिगला ओआरएसची दोन पाकिटं खिशात ठेवायची, गमछा भिजवून मानेवर टाकायचा. गमछ्याने कुणाचं मेटल कमी होत नाही.

८. पॅचचं जॅकेट कसं बनवायचं? तयार विकत घेऊ का?

तयार घेऊ नका. ते जॅकेट म्हणजे तुम्ही काय ऐकलं आणि कुठे कुठे गेलात याची वही असते. दुसऱ्याची वही विकत घेऊन काय करणार?

जुनी जीन्सची जॅकेट आठवडी बाजारात मिळते. बाह्या शिवणीलगत कापा, कडेची दशी तशीच राहू द्या. पाठीवरचा मोठा पॅच आधी टाचण्यांनी लावा आणि जॅकेट अंगावर घालून आरशात बघा, कारण सपाट टेबलावर सरळ दिसणारा पॅच पाठीवर तिरका बसतो. मग कच्चा टाका घाला आणि त्यावर कडेने पक्की शिलाई. इस्त्रीने चिकटवायचे पॅच दोन धुण्यांत कोपऱ्यातून सुटतात. शिंप्याच्या मशीनला दोन पदरी डेनिम आणि जाड पॅच झेपत नाही, सुई मोडते. हातानेच शिवा. चप्पल शिवणाऱ्याकडे मेणाचा दोरा मिळतो, तो वर्षानुवर्षं टिकतो.

माझ्या पाठीवरचा पॅच आईने शिवलाय. महिनाभर ती त्या कवटीकडे बघतही नव्हती. मी दाभण घेऊन वेडेवाकडे टाके घालत होतो ते तिला बघवेना. माझ्या हातातून जॅकेट ओढून घेतलं, चष्मा लावला आणि वाकळेला घालतात तसे बारीक, एकसारखे धावदोरे घालत पॅच चारी बाजूंनी बसवला. मध्येच दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, “दात जरा जास्तच काढलेत याचे.” पंधरा वर्षं झाली, एक टाका उसवलेला नाही.

काडतुसांसारखा दिसणारा पट्टा रेल्वेत, विमानतळावर घालू नका. सिक्युरिटीवाल्यांना समजावत बसण्यात गाडी जाते.

९. लांब केस आणि नोकरी जमतं का?

जमतं. माझे खांद्याच्या खाली आहेत. शॉप फ्लोअरवर केस बांधून टोपीच्या आत, आणि अंगठी, साखळी, कडं लॉकरमध्ये. लेथ किंवा कन्व्हेअरजवळ मोकळे केस म्हणजे जिवाशी खेळ, तिथे हट्ट करू नका. मुलाखतीला नीट विंचरून बांधून जा. एका ठिकाणी मला केसांवरून नाकारलं होतं, दुसऱ्या ठिकाणी कुणी विचारलंही नाही.

केस नसलेले, टक्कल पडलेले मेटलहेडही तितकेच मेटलहेड आहेत.

१०. बँडचा टी-शर्ट घातला की लोक म्हणतात “पाच गाणी सांग”. हे बरोबर आहे का?

नाही. मला याचा मनापासून राग येतो. फुटपाथवरून चित्र आवडलं म्हणून टी-शर्ट घेतलेल्या पोराची परीक्षा घेतली तर तो परत कधी या वाटेला येणार नाही. त्याला एक गाणं ऐकवलं तर कदाचित येईल. मुलींना हा प्रश्न दुप्पट विचारला जातो, तेही मी पाहतो.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. छोट्या बँडचा नकली छापलेला टी-शर्ट घेऊ नका. मोठ्यांचं त्यात काही बिघडत नाही, पण आपल्याकडच्या बँडचा पुढचा रेकॉर्डिंगचा खर्च टी-शर्टातूनच निघतो.

११. पिटमध्ये मारामारी होते ना? हात-पाय मोडला तर?

पिट म्हणजे मंचासमोर लोक एकमेकांना धडका देत नाचतात ती जागा. लांबून मारामारी दिसते. आत नियम कडक असतात: कुणी पडला की आजूबाजूचे चार जण हात वर करून जागा करतात आणि त्याला उचलतात. चष्मा पडला तर शोधून हातात देतात. कोपर वर करून मारणाऱ्याला पिटच बाहेर काढतो. नको असेल तर कडेला उभे राहा, कुणी ओढणार नाही. बूट बंद घाला, सँडल नको.

मानेची काळजी मात्र घ्या. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेडबँगिंगवर, म्हणजे ठोक्यावर डोकं जोरात हलवण्यावर, अभ्यास आला होता. मिनिटाला सुमारे १४६ ठोक्यांच्या गाण्यावर मान ७५ अंशांहून जास्त फिरवली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते, असं त्यात मांडलं आहे. मान कमी आणि कंबरेपासून जास्त झुका, एक ठोका सोडून एक घ्या.

१२. गिगनंतर दोन दिवस कान वाजतात. हे नॉर्मल आहे का?

नेहमीचं आहे, पण चांगलं नाही. तो कानाने दिलेला इशारा आहे आणि आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. कामगारांसाठी जो हिशोब वापरतात तो असा: ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. गिगमध्ये १०० सहज होतात.

वाळूज-चिकलठाण्याच्या पोरांना फोमचे इअरप्लग ओळखीचे आहेत, कंपनीत सेफ्टीचे म्हणून मिळतात तेच. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. मी पहिली आठ वर्षं घातले नाहीत. आता रात्री शांतता झाली की डाव्या कानात बारीक शिट्टी ऐकू येते.

१३. मी मुलगी आहे, बीडला राहते. एकटीने गिगला जाणं सुरक्षित आहे का?

गिगच्या आत मला सहसा अडचण दिसलेली नाही. खरा प्रश्न रात्रीच्या परतीचा असतो. आमच्याकडच्या मुलींनी स्वतःच पद्धत बसवली आहे: आधी ठरवून एकत्र तिकिटं काढायची, एकाच बसने जायचं-यायचं, आणि घरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय कुणी झोपायचं नाही. कुणी त्रास दिला तर आयोजकाला लगेच आणि मोठ्याने सांगा. आम्ही अशा माणसाला परत बोलावत नाही, मग तो कितीही चांगला वाजवत असू दे.

ऐकण्यासाठी इंडोनेशियाचं व्हॉइस ऑफ बाचेप्रोत घ्या. पश्चिम जावातल्या गारुत भागातल्या तीन शाळकरी मुलींनी २०१४ मध्ये ते सुरू केलं. हिजाब घालून वाजवतात. आसपासच्यांनी खूप विरोध केला, आणि २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या.

१४. ग्रोल शिकायचंय. घसा फाटतो, रक्त येतं असं ऐकलं.

ग्रोल म्हणजे मेटलमधली ती गुरगुरणारी गायकी. घसा दुखला तर पद्धत चुकतेय. थांबा. ग्रोलमध्ये ताण खऱ्या स्वरतंतूंवर देत नाहीत, त्यांच्या वर जे खोटे स्वरतंतू असतात ते थरथरवतात. तिबेटी भिक्खूंच्या खोल मंत्रपठणातही तेच वापरले जातात. आवाज आश्चर्य वाटेल इतका लहान असतो, मोठा करायचं काम माईक करतो. पोटातून श्वास, खांदे ढिले, दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, कोमट पाणी. रियाज करणारा कुणी ओळखीचा असेल तर श्वास त्याच्याकडून शिका, मी एका कीर्तनकारांकडून शिकलो. दोन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

१५. प्रॅक्टिसला जागा नाही, शेजारी भांडतात. अंड्यांचे ट्रे लावू का?

ट्रे लावून शेजारी शांत होणार नाहीत. ट्रेमुळे खोलीतला घुमारा किंचित बदलतो, बाहेर जाणारा आवाज तसाच जातो. आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. दाराखालची फट आधी बंद करा. आम्ही गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये भिंतींना जुन्या वाकळा आणि गाद्या टांगल्या, ड्रमखाली रबरी मॅट टाकली. बास तरीही भिंतीतून जातोच, म्हणून वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. आपल्याकडे जुन्या खोल्यांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. गिटार हातात आणि ओठ माईकला लागले की झटका बसतो, तो जिवावर बेतू शकतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. अँपची अर्थ पिन कधीही कापू नका. भारनियमनात साध्या इन्व्हर्टरवर अँप गुणगुणतो, तेवढा वेळ आम्ही वीज नसलेल्या गिटारी काढून रिफ लिहितो.

१६. आमच्या गावात कार्यक्रम करायचाय. परवानगी कुणाची?

हॉल किंवा जागा मालकाची लेखी परवानगी आणि पोलीस ठाण्यातून लाऊडस्पीकरचा परवाना या दोन गोष्टींपासून सुरुवात करा. तिकीट लावणार असाल तर आणखी काय लागतं ते तिथेच विचारून घ्या. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगांना १२ पर्यंत सूट देतं. त्यावर आपण विसंबू नये. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. रंगभवन गाण्याला बंद झालं ते याच कारणाने.

आमची चूक सांगतो. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही फॉर्मवर नुसतं ‘रॉक बँड’ लिहिलं होतं. तिसऱ्या गाण्याला साऊंड बंद केला गेला आणि ड्रमर एकटाच वाजवत राहिला. आता आम्ही आधी जाऊन एक गाणं ऐकवतो, कसं असतं ते सांगतो, वेळ दुपारची मागतो. नकार आला तर तो आधीच येतो.

१७. मराठीत मेटल होऊ शकतं का? आणि संबळ, हलगी वापरली तर चालेल?

होऊ शकतं, आणि झालं पाहिजे. मराठीत ट, ठ, ड, ढ, ळ आहेत, जोडाक्षरं आहेत. ग्रोलमध्ये स्वर विरघळतात, व्यंजनं टिकतात, म्हणून ‘तडकली’, ‘भेगाळ’, ‘ढेकूळ’, ‘उकिरडा’ असे शब्द तोंडातून दगडासारखे पडतात. लांब संस्कृत शब्द घेतले की सगळं चिकटून जातं, नवे बँड तिथेच फसतात. डूमसाठी अभंगाचा साचा वापरून बघा. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण सावकाश रिफवर फार नेटके बसतात. शेवटच्या चार अक्षरांनंतर जी जागा उरते तिथे गिटार बोलते.

विषय बाहेर शोधू नका. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ती गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना आणखी काळोखी प्रतिमा कुठून आणायची?

संबळ दोन तोंडांचा, एक बारीक आणि एक भारी, म्हणजे डबल पेडलच्या शेजारी तो बुडत नाही. पण तो गोंधळी वाजवतात ती देवीची सेवा असते. नुसता आवाज उचलून चिकटवू नका. वाजवणाऱ्या माणसाला बोलवा, काय करणार ते सांगा, त्यांचं मानधन ठरवून द्या, अल्बमवर नाव छापा. सेपल्चुराने १९९६ च्या अल्बमसाठी शावान्ते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासोबत रेकॉर्डिंग केलं होतं. तो रस्ता बरोबर आहे.

१८. नॉर्वेत चर्च जाळली, खून झाला, हे खरं का? आणि काही बँड नाझी आहेत म्हणतात?

दोन्ही खरं आहे. १९९२ पासून नॉर्वेत ब्लॅक मेटलशी जोडलेल्या काही तरुणांनी जुनी लाकडी चर्च जाळली. ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेम या बँडच्या गिटारवादकाचा खून झाला आणि त्यासाठी बर्झम हा एकट्याचा प्रकल्प चालवणाऱ्या तरुणाला १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. पुढे तो उघडपणे वंशवादी लिहीत राहिला. ब्लॅक मेटलच्या एका कोपऱ्यात नाझी विचारांचे बँड आजही आहेत.

माझं मत ठाम आहे. त्यांचे टी-शर्ट आमच्या खोलीत चालत नाहीत. “संगीत वेगळं, विचार वेगळा” हा युक्तिवाद मी खूप ऐकलाय. ज्या वंशश्रेष्ठत्वाची ती गाणी गातात त्यात तुम्हाला-मला जागा नाही, आणि जातीचा असाच माज आपण आपल्या गावात रोज पाहतो. लोगो वाचता येत नाही म्हणून असा टी-शर्ट चुकून घेतला जातो. शंका आली तर विचारा, कुणी हसणार नाही.

१९. मी लातूरला नीटची तयारी करायलोय. रात्री मेटल ऐकल्याशिवाय झोप येत नाही. याने डिप्रेशन येतं का?

मेटलने डिप्रेशन येतं असं मानायला आधार नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ३९ नेहमीच्या श्रोत्यांना आधी राग आणून मग त्यांचं आवडतं एक्स्ट्रीम संगीत ऐकवलं. राग वाढला नाही. ते सावरले आणि त्यांना उभारी वाटली. माझाही अनुभव हाच आहे.

पण तू लिहिलंस त्यात मला झोपेची काळजी वाटते. गाणं चालू असतानाच बरं वाटत असेल आणि बंद झालं की सगळं परत येत असेल, तर कुणाशी तरी बोल. रूममेट, घरचे, क्लासमधले सर, कुणीही. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नको वाटलं तर मला लिही. उत्तर उशिरा येईल, पण येईल.

२०. बाबांच्या ट्रंकेत मेटलच्या जुन्या कॅसेट सापडल्या. टाकून द्यायच्या का?

टाकू नका! आधी उन्हापासून लांब ठेवा. टेप पांढुरकी झाली असेल तर ती बुरशी आहे, तशी कॅसेट कुठल्याही डेकला लावू नका, एकीची दुसरीला लागते. स्वच्छ असेल तर पेन्सिल घालून दोन-चार वेढे हाताने फिरवून बघा, अडकत नाही ना. मधल्या खाचेत छोटी गादी असते, ती बहुतेक वेळा गळून पडलेली असते. जुन्या निरुपयोगी कॅसेटमधली काढून लावता येते. मग डेकवर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, आणि त्यानंतरच ऐका. पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या, कारण दुसरी वेळ मिळेल याची खात्री नसते.

आतल्या कागदावर पेनाने काही लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो काढा. मागच्या वर्षी नांदेडहून एकाने अशीच कॅसेट आणली. कागदावर त्याच्या बाबांच्या अक्षरात गाण्यांची नावं होती, आणि खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: “ऐकून झालं की परत कर.” कुणाला परत करायची ते बाबांना आठवत होतं. गेल्या दिवाळीत दोघं जाऊन देऊन आले.